रीड कुणाच्या दारी मागायची

१२ जानेवारी
एनिस्टायमन

काहल,

आईच्या तोंडी निरोप पाठवायची तुझी खोड जुनीच. कालचा निरोप तिने बटाटे सोलता सोलता दिला. "काहल म्हणतो, टोलनने बनवलेले पाइप्स त्या पोरीच्या मांडीवर आले, तर तिने पुन्हा माझ्या दारात यायचं कारण नाही." मी विचारलं, ती त्याच्या दारात जातेच कधी? आई म्हणाली, "पोस्टमनला असले प्रश्न विचारायचे नसतात," आणि तिने पुढचा बटाटा उचलला.

म्हणून तुलाच विचारते. ब्लॉनिड तुझ्या दारात येते कधी? बाबांना पुरलं त्या दिवसापासून तू आणि मी एका टेबलाशी बसलेलो नाही. माझ्या मुलीला तू माहीत आहेस तो नाताळच्या मिस्साला पलीकडच्या बाकावर बसणारा, मान न वळवणारा मामा म्हणून. जिथे ती पाऊल टाकत नाही तिथे तू तिला बंदी घालतोस. वाचताना तुला तरी हे बरं वाटतंय का?

तू ऐकलंस ते खरं आहे. पाइप्स वाजवणाऱ्यांच्या क्लबने तिला वापरायला दिलेले शिकाऊ पाइप्स, म्हणजे पिशवी, भाता आणि वाजवायची नळी, चँटर, एवढंच, उन्हाळा संपला की परत करायचे आहेत. त्यानंतर तिला तिचे स्वतःचे हवेत. चार वर्षांपूर्वी, तिने पहिली जिग, म्हणजे नाचाची धून, न अडखळता वाजवली त्या आठवड्यात, मी मेयोच्या मॅलाकी टोलनच्या यादीत तिचं नाव घातलं. आपल्याकडे पोरांचे दुधाचे दात पडायच्या वयात नावं घालतात, हे तुला सांगायला नको. तुझ्याकडून पाइप्स बनवून घेणाऱ्यांच्या यादीतही ओसाकाची आणि म्युनिकची पोरं आहेतच. मी कुणाला बोलले नव्हते. पण सहा तारखेला मी नाताळच्या झाडावरचे दिवे उतरवत असताना फोन वाजला, आणि एरवी हाक ऐकू न येणारी आपली आई माझ्याआधी फोनपाशी पोचली. टोलनचा निरोप होता: ब्लॉनिडचा नंबर आला आहे, सेंट ब्रिजिडच्या दिवसापर्यंत हो किंवा नाही कळवा, मग मी लाकूड लेथवर चढवतो. म्हणजे एक फेब्रुवारी. तुला हे त्याच दिवशी कळलं असणार. आईला ऐकू कमी येतं, पण बोलायला तिला काही अडचण नाही.

तेव्हापासून गावाने माझा पिच्छा पुरवला आहे. डेक्लन खाटकाने सॉसेज बांधता बांधता विचारलं, "भाऊ कॉरोफिनला पाइप्स बनवतो आणि तुमचे मेयोहून? तुमच्याकडे अंडीही बाहेरूनच मागवतात का?" मागे रांगेत उभे होते ते सगळे हसले. मी म्हटलं, काहलची यादी फार लांब आहे. हे खोटं आहे. यादी लांब आहे, पण भाचीचं नाव तू सगळ्यात वर नेऊन ठेवलं असतंस, हे मला माहीत आहे. तेच मला नको आहे. तुझ्या हातचं काहीही माझ्या मुलीच्या गुडघ्यावर मला नको आहे.

का, ते तू विचारणार नाहीस. आई विचारते. तिला मी सांगत नाही, कारण बाबांना शब्द दिला होता.

म्युरिन


१९ जानेवारी

काहल,

तुझं उत्तर पोचलं, अर्थात त्याच पोस्टमनकडून. "मी बाबांचा चँटर सुधारला. ज्याला कान आहे त्याला विचार."

बरं. कान मला आहे. आणि बाबांना दिलेला शब्द मी आज मोडते आहे. सकाळपासून शाळेत भूगोल शिकवताना हाच विचार करत होते की मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कधी मोडावा. मला पटणारं उत्तर सापडलं नाही. तरी मोडते.

बाबांच्या चँटरमध्ये तो एक स्वर होता. वरच्या हाताचा सी. ना धड सी, ना सी शार्प, मधेच कुठेतरी आणि किंचित खाली ओढलेला. सूर मोजायचं यंत्र समोर ठेवलं की काटा तिथे हमखास चूक दाखवायचा. ज्याने ती पिवळी नळी कोरली तो डब्लिनचा कारागीर आपल्या जन्माआधीच गेला, तेव्हा त्याने मुद्दाम केलं की चुकून झालं, हे कुणालाच विचारता आलं नाही. पण रस्त्याने जाणारी माणसं खिडकीबाहेरून तेवढा एक स्वर ऐकून सांगायची की थॅडी घरी आहे.

बाबा खुबा बदलायला लिमरिकच्या हॉस्पिटलात गेले तेव्हा तू तो चँटर नेलास. मोजमाप घ्यायला, म्हणालास. घरी आणलास तेव्हा तो "सरळ" झाला होता. आतून रीमर फिरवून तू पोकळी वाढवली होतीस. बाबांनी तुझ्यासमोर नाचाची एक जलद धून, रील, वाजवली आणि म्हणाले, "छान झालंय रे." तू शीळ घालत गाडीत बसलास. ती शीळ मला आठवते.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

त्यांनी भात्याचा पट्टा सोडला होता, तो पुन्हा बांधला. ते नेहमी शेवटी वाजवायचे ती संथ धून सुरू केली. त्या स्वराच्या जागेपाशी आले आणि थांबले. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. मग चँटर मांडीवर ठेवून त्यांनी स्वतःची बोटं पाहिली. उलटी करून, सुलटी करून. मला म्हणाले, "म्युरिन, माझी बोटं गेली गं. खुब्याबरोबर आणखी काहीतरी काढून घेतलं त्या लोकांनी."

मी सिंकपाशी उभी होते. त्यांनी आणखी थोडा वेळ प्रयत्न केला, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, रीड, आवाज काढणारी ती वेताची पातळ पट्टी, काढली आणि नळी खिडकीकडे धरून आतून पाहिलं. आतलं लाकूड ताजं कापलेलं होतं. मग म्हणाले, "काहलला यातलं काही बोलायचं नाही. त्याने मनापासून केलंय." चँटर पेटीत ठेवला, आणि ती पेटी त्यांनी पुन्हा उघडली नाही. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तू ती पेटी उघडून त्यांच्या शवपेटीपाशी त्याच चँटरवर तीच धून वाजवलीस, आणि त्या जागेवर एक स्वच्छ, बिनचूक स्वर आला.

म्हणून मी त्या दिवशी हॉटेलात, सूप आणि सँडविचच्या मधे, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले की तू बाबांचं वाजवणं बंद केलंस. तुला वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलंय. आता सगळं तुझ्यासमोर आहे.

तू सुधारलास. यंत्राला विचार, ते तुझ्याच बाजूने बोलेल.

म्युरिन


२४ जानेवारी

काहल,

उत्तर नाही. आईच्या तोंडीही नाही. ती स्वयंपाकघरात माझ्याकडे पाहते आणि नजर फिरवते, म्हणजे तू तिला वाचून दाखवलंस तर.

मी चिडले की स्वतःला तपासत बसते, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. लहानपणी तू त्यावरून मला फादर म्युरिन म्हणायचास. काल डायरीत लिहिलं: हे मी ब्लॉनिडसाठी करते आहे की काहलला लागावं म्हणून? मग रेकॉर्डिंग लावून बसले. एक टोलनच्या पाइप्सचं, एक तुझ्या. तुझा चँटर गोड आहे. दात आवळून लिहिते आहे, पण आहे. टोलनचा खरखरीत आहे, पहाटेच्या कोंबड्यासारखा. केवळ आवाजावर निवडायचं असतं तर प्रश्नच नव्हता.

पण पाइप्स घेताना आवाज सगळ्यात शेवटी बघावा. चँटर एकदाच घेतला जातो, रीड मात्र जन्मभर मागावी लागते. मार्चमधला पूर्वेचा वारा सुटला की ती सुकते, तोंड मिटते, आणि वाजवणारा हातातलं सगळं टाकून कारागिराच्या दारात जाऊन उभा राहतो. टोलनच्या चँटरला तुझी रीड बसत नाही, तुझ्याला त्याची. तेव्हा कारागीर निवडायचा म्हणजे पुढची चाळीस वर्षं कुणाच्या उंबऱ्यावर जायचं ते ठरवायचं. मी मेयोचा उंबरा निवडते आहे. वाटेत खड्डे आहेत, पण त्या रस्त्याला बाबांची आठवण नाही.

ब्लॉनिडला विचारलं. ती म्हणाली, "कुठलेही चालतील मला," आणि खोलीचं दार लावून घेतलं. सोळाव्या वर्षी यापेक्षा जास्त उत्तर मिळत नाही. शनिवारी टोलनकडे जाऊ म्हटल्यावर मात्र आजी आणि नात दोघींचे चेहरे पडले. आई म्हणाली, "आणि माझे केस?" दर शनिवारी ती ब्लॉनिडला सोबत घेऊन केस करायला जाते, गाडी स्वतः चालवत, सगळ्या गावाचा जीव मुठीत धरायला लावून. जशी जाते तशीच परत येते. त्या बाईने आईचा एक केस हलवलेला मला आजवर दिसलेला नाही. मी कधी काही म्हटलं नाही. म्हातारपणी घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं, असं मी समजत होते.

या शनिवारी केस राहू देत, म्हटलं.

म्युरिन


२८ जानेवारी

काहल,

काल मेयोला जाऊन आले. हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिते आहे, आणि या वेळी जे येईल ते तसंच पाठवणार आहे.

टोलनची बायको ब्रीजी दारात आली आणि म्हणाली, चहा टाकते. मी म्हटलं, नको नको, त्रास नको. ती म्हणाली, कसला त्रास. मी म्हटलं, खरंच नको, आत्ताच घेतला. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, किटली चढवली, आणि मी बसले. टोलन कामाच्या खोलीत होता. म्हातारा झालाय. तुझं नाव निघालं तेव्हा मान वर न करता म्हणाला, "काहलचा हात चांगला आहे. माझ्याकडे शिकून गेला तेव्हा माझा एक रीमरही घेऊन गेला. चांगल्या कामाला वापरला असेल, अशी आशा." मी कपात बघत राहिले.

त्याने ब्लॉनिडच्या हातात स्वतःचे पाइप्स दिले. म्हणाला, आधी वाजव, मग बोलू. माणूस बघितल्याशिवाय मी लाकूड कापत नाही. तिने भाता बांधला, पिशवी कुशीत घेतली, गुडघ्यावर चामड्याचा तुकडा ठेवला. दोन जिग वाजवल्या. टोलन जमिनीकडे बघत होता. मग तिने बाबांची ती संथ धून सुरू केली.

मी तिला ती शिकवलेली नाही. मला वाजवता येत नाही. घरात ती लावायची नाही, हे न बोलता ठरलेलं आहे. ती तिला कुठून आली?

त्या जागेपाशी ती थांबली. कपाळाला आठी घातली आणि अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हणाली, "तुमच्याकडे लव्हाळा आहे का?"

टोलनने तिच्याकडे पाहिलं, मग फळीवरच्या बरणीतून वाळलेल्या लव्हाळ्याची एक काडी काढून दिली. ती तिने दातांनी तोडली, चँटरच्या खालच्या तोंडातून आत सरकवली, एक स्वर वाजवून पाहिला, काडी नखाएवढी बाहेर ओढली, पुन्हा पाहिला. मग धून पहिल्यापासून घेतली. त्या जागेवर तो स्वर आला. मधला. खाली ओढलेला. ब्रीजीने माझा कप हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"हे कुणी शिकवलं?" टोलनने विचारलं.

ब्लॉनिडने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "काहलमामाने. शनिवारी."

"कुठल्या शनिवारी?" मी म्हटलं.

"सगळ्याच."

परतीच्या वाटेवर क्लेअरमॉरिस गाव सोडल्यावर तिने सगळं सांगितलं. आजी तिला तुझ्याकडे आणते. तू तिच्या हातात बाबांचा चँटर देतोस. तू जे खरवडलंस ते पुन्हा भरून काढायला वेगवेगळ्या जाडीचे लव्हाळे आत घालतोस, ती वाजवते, आणि आई तुझ्या खुर्चीत डोळे मिटून सांगते, "अजून खाली." बरोबर जमल्याशिवाय आईला सांगायचं नाही, असं तू तिला म्हणालास. तिची आई म्हणजे मी.

म्हणजे तुला कळलं होतं. माझ्या पत्राआधीच, कितीतरी आधी. तू काय केलंस ते तुला माहीत होतं, तरी मागच्याच आठवड्यात "मी सुधारला" असा निरोप पाठवलास. आणि "पुन्हा माझ्या दारात यायचं कारण नाही" म्हणालास तेव्हा खरोखरच तिचे शनिवार बंद करणार होतास. माझ्यावरचा राग सोळा वर्षांच्या मुलीवर काढणार होतास, आणि तो स्वर? तो तसाच अर्धवट टाकून देणार होतास?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली ते सांगते. लपवल्याची नाही. तुम्ही तिघं मिळून बाबांचा स्वर शोधत होता आणि मी घरी बसून आईच्या केसांची वाट पाहत होते. आणि परीक्षक कोण, तर आई. काहल, तिला दाराची घंटा ऐकू येत नाही. तो स्वर त्या घरात कुणाला नीट आठवत असेल तर मला. तो गेला तेव्हा त्या खोलीत मी होते. तू मला विचारायला हवं होतंस. तुला तोंड दाखवता येत नव्हतं तर चिठ्ठी पाठवायची होतीस. निरोप पाठवायला तर तुला भलताच चांगला पोस्टमन मिळालेला आहे.

निघताना टोलन म्हणाला, "मी बनवेन. पण माझ्या चँटरला मी लव्हाळा बसवून देत नाही. थॅडीला मी ऐकलेलं आहे. तो स्वर हवा असेल तर तो ज्याच्या हातून गेला त्याच्याकडेच मागायला हवा." मला वाटलं होतं त्याला काही माहीत नाही. सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर एकट्या मलाच काही माहीत नसावं.

म्युरिन


३१ जानेवारी

काहल,

आज ब्रिजिडची आदली संध्याकाळ. ब्लॉनिड आणि मी खालच्या ओल्या शेतात जाऊन लव्हाळे कापून आणले. आई टेबलाशी बसून त्यांचे ब्रिजिडचे क्रॉस विणते आहे, दरवर्षीसारखी, आणि दरवर्षीसारखीच टेबलभर पाण्याचं थारोळं करते आहे. शनिवारबद्दल तिला विचारलं. तिला ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारलं. ती म्हणाली, "तू आणि तो सारखेच. एकाला सांगायला जावं तर दुसऱ्याला राग. मी म्हटलं, पोरीलाच मधे घालू, ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे." मग म्हणाली, "आणि माझे केस चांगलेच आहेत."

दुपारी टोलनला फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. रीमरची आठवण पुन्हा करून दिली.

मी तुला माफ केलेलं नाही. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे आई तुला काहीतरी गोड करून सांगायची नाही. बाबांनी स्वतःच्या बोटांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नयेस, म्हणून ते लिहून काढलं. ते पत्र जाळू नकोस.

पण ब्लॉनिडचे पाइप्स तू बनवायचे आहेस. यादीत तिचं नाव वर नेऊ नकोस. ओसाकाच्या पोरांच्या मागे, जिथे पडेल तिथे घाल. तोवर क्लबची मुदत वाढवून घ्यायचं मी बघते. आणि लव्हाळा घालून नाही. लव्हाळा सुकतो, सरकतो, हरवतो, त्याच्यावर एका मुलीचं आयुष्य काढता येत नाही. तो स्वर लाकडातच हवा, पिवळ्या लाकडात, जसा होता तसा. यंत्र म्हणेल चूक आहे. यंत्र बंद करून ठेव. तुझी बाकीची गिऱ्हाइकं म्हणतील की काहलच्या हातून हा एक बिघडला. म्हणू देत. ब्लॉनिड रस्त्याकडेच्या खिडकीत बसून वाजवेल, आणि डेक्लन खाटीकही सांगेल की थॅडीच्या घरचं कुणीतरी आहे आत.

हे तुला जमेल की नाही, मला माहीत नाही. चुकीचा स्वर मुद्दाम आणि नेमका कोरायचा, हे सरळ करण्यापेक्षा अवघड असणार. म्हणून परीक्षक बदल. आई खुर्चीत बसेल, तिला बसायला आवडतं. पण "अजून खाली" मी सांगणार. शनिवारी गाडीही मीच चालवणार, म्हणजे निदान रस्त्यावरची माणसं तरी वाचतील.

सोबत लव्हाळे पाठवते आहे, ओल्या कापडात गुंडाळून. ब्लॉनिडने बारीक बारीक निवडून बाजूला ठेवले होते. कुणासाठी म्हणून विचारलं तर या वेळी तिने सरळ सांगितलं.

पुढे मार्चमध्ये वारा सुटेल आणि रीड मिटेल, तेव्हाही मीच येईन. अंगणात उभी राहून मागेन. आत ये म्हणालास तर नको म्हणेन. चहा टाकतो म्हणालास तरी नको म्हणेन. त्यानंतर पुन्हा विचारायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

म्युरिन